सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बॉयलरसाठी कोळसा : एका पुरवठादाराचा आढावा

टॉवेल-चादरीच्या डाईंगवाल्यांना इंडोनेशियन कोळसा पुरवणारा हा व्यापारी. माल चांगला, कागद कच्चे.

20 ते 50 मिमीचा चाळलेला माल खरंच चाळलेला येतो. हे फार महत्त्वाचं, कारण चुरा जाळीतून न जळताच राखेत पडतो, उरलेला हवा अडवतो आणि वाफेचा दाब टिकत नाही.

खोट दरपत्रकात आहे. त्यावर नुसतं '5000 जीसीव्ही' (किलोभर कोळशातली एकूण उष्णता, किलोकॅलरीत) लिहितात. हा आकडा हवेत वाळवलेल्या नमुन्याचा. एकूण ओलावा 30 टक्के आणि वाळवल्यावर उरणारा 15 टक्के असेल, तर 5000 × 70 ÷ 85, म्हणजे भट्टीत जेमतेम 4118 किलोकॅलरी. ऑर्डरवर 'ॲज रिसीव्ह्ड', म्हणजे माल पोचतो त्या ओलाव्यासकटचा आकडा लिहून घ्या, ओलाव्याची मर्यादा आणि त्यापुढची दरातली कपातही. नमुना ट्रकच्या वरच्या थरातून नको, खाली करताना ढिगाच्या आठ-दहा जागांमधून घ्या.

22 सप्टेंबर 2025 पासून कोळशावर जीएसटी 5 चा 18 टक्के झाला आणि टनामागे 400 रुपयांचा सेस गेला. सेसचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जीएसटीत वळवता येत नव्हतं, 18 टक्क्यांचं मिळतं. पण तुमच्या विक्रीवर 5 टक्केच कर असेल तर क्रेडिट साचतं, परताव्याचा अर्ज करावा लागतो, तोवर भांडवल अडकतं. म्हणून दर करासह आणि कराविना, दोन्ही मागा. इथे ते मागितल्याशिवाय देत नाहीत.

वजन बाहेरच्या काट्यावरच करा.