कॅरिबू पाहायला निघताय? दुर्बीण की स्कोप

कॅनडातली एडमंटन-कॅलगरीकडची आपली बरीच मंडळी आता जॅस्पर राष्ट्रीय उद्यानात गाडीतून फिरण्यावर थांबत नाहीत, पाठीवर तंबू घेऊन दोन-तीन मुक्काम करतात. तिथल्या टॉन्क्विन खोऱ्याचं नाव निघालं की प्रश्न ठरलेला असतो. कॅरिबू (उत्तर अमेरिकेतलं रेनडिअर) पाहायचाय, दुर्बीण घेऊ की स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं बघायची, जास्त मोठं दाखवणारी छोटी दूरदर्शी? मी दोन्ही त्या वाटेनं वाहून नेलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की हा प्राणी एल्क हरणासारखा रस्त्याच्या कडेला भेटत नाही. टॉन्क्विनच्या कळपात आता पन्नासेक जनावरं उरली आहेत. मॅलीन तलावाकडचा कळप संपल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. शेजारच्या बॅन्फमधले शेवटचे पाच २००९ मध्ये हिमस्खलनात गेले. कॅनडाच्या पंचवीस सेंटच्या नाण्यावर ज्याचं मुंडकं १९३७ पासून आहे, त्याची डोंगरातली ही स्थिती. नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत तर हे खोरं बंदच असतं, कारण स्कीच्या दाबलेल्या वाटांवरून लांडगे सहज वर पोचतात. म्हणजे आपल्याला मिळतो तो उन्हाळा आणि थोडा शरद. जवळ जायचा विचार मनातही आणू नये. सगळं लांबूनच पाहायचं, आणि म्हणूनच काचेचा प्रश्न महत्त्वाचा.

स्कोपची बाजू आधी मांडतो, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पाहायला जायचो, तेव्हा एका मित्राच्या स्कोपमधून पहिल्यांदा रोहिताच्या चोचीचा बाक दिसला आणि मी खुळावलोच. पुढे स्वतःचा ६५ मिलिमीटर भिंगाचा घेतला. जनावर एकदा सापडलं की स्कोपला तोड नाही. कॅरिबूत माद्यांनाही शिंगं येतात, त्यामुळे नुसत्या शिंगांवरून नर-मादी ठरवता येत नाही. शेजारी दिसतंय ते पाडस आहे की दगड, हेही दीड-दोन किलोमीटरवरून दुर्बिणीत कळेलच असं नाही. तुम्हाला फोन लावून फोटो काढायचा असेल, किंवा किती जनावरं, किती पाडसं हे उद्यानाच्या लोकांना नीट कळवायचं असेल (आणि ते कळवावंच), तर स्कोप हवा.

वजनाबद्दल फार बोलत नाही. पोर्टल क्रीकवरून मॅकॅरिब खिंड चढताना ते तुमचं तुम्हाला कळेल.

माझा निर्णय वजनानं नाही, झळांनी केला.

उन्हाळ्यात डास आणि गोमाश्या कॅरिबूंना अक्षरशः पिडतात. ऊन चढलं की ते उतारावर उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यांवर येऊन बसतात, कारण तिथे गार असतं आणि माश्या कमी. म्हणजे दुपारी नजर फिरवायची ती या पट्ट्यांवरून, आणि बर्फाच्या कडेचे खडक तापून हवा थरथरते ती नेमकी तिथेच. भिगवणला आम्ही पहाटे पाण्याच्या पातळीवरून बघायचो, तिथे हे कधी जाणवलंच नव्हतं. इथे ऑगस्टातल्या एका दुपारी खिंडीच्या अलीकडे बसून मी स्कोप चाळीसपट मोठेपणावर नेला आणि बर्फाच्या कडेला एक करडा आकार धरला. मान पांढरी, पाठ तपकिरी. तो हलत होता. मी बायकोला सांगितलं, आहे, नक्की आहे. अर्धा तास एक डोळा मिटून मी त्याच्यावर खिळलो होतो. ढग आला, हवा स्थिर झाली, आणि तो खडक निघाला. पांढरी मान म्हणजे त्यामागचा बर्फ. हलत होती ती फक्त हवा.

तेवढ्या वेळात तिनं साधी १०×४२ (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगांची) दुर्बीण हलक्या ट्रायपॉडवर लावून डावीकडचे तीन पट्टे बघून संपवले होते. चौथ्यावर तिला दोन दिसले. मी डोळा लावला तर आकार तांदळाच्या दाण्याएवढे, पण हवेची थरथर जवळजवळ नाही. त्यातला एक उठला, अंग झाडलं, मागच्या पायानं कान खाजवला आणि पुन्हा बसला. तेवढ्यानंच ओळख पटली; दगड कान खाजवत नाही.

झळा दोन्हीत असतातच, पण मोठेपणा वाढवला की थरथरही तेवढीच मोठी होते. विसावर आणला तर स्कोप बराच शांत होतो हे खरं, पण मग तो वाहून आणल्याचा फायदाही घटतो. सकाळी हवा निवांत असते, कॅरिबू कुरणात चरायलाही निघतात. ती वेळ स्कोपची. पण पहाटेच्या अंधुक उजेडात झूम वाढवला की चित्र काळवंडतं. म्हणजे हाताशी राहतात फार तर दोन-तीन तास. माझा अनुभव दोन उन्हाळ्यांचा आहे. तुमच्या वाट्याला ढगाळ आठवडा आला, तर कदाचित तुम्ही उलटं लिहाल.

तरी विचाराल तर सांगेन, दुर्बीण घ्या, पण ट्रायपॉड आणि जोडायचा अडॅप्टर यांच्यासकट. हातात धरलेली दुर्बीण या कामाला पुरत नाही, श्वासागणिक हलते. ट्रायपॉडवर चौकट स्थिर झाली की कान हलला तरी डोळ्यात भरतं, आणि दोन्ही डोळे उघडे असल्यामुळे तासभर बसता येतं. कॅरिबू पाहणं म्हणजे नव्वद टक्के वेळ तो नसलेल्या जागा पाहणं. त्या जागा बघायचा कंटाळा ज्या काचेमुळे येणार नाही, ती आपली.

चार जणांचा गट असेल तर एकानं स्कोप घ्यायला माझी ना नाही. वजन वाटून घ्या, आणि दुर्बिणीत सापडल्याशिवाय तो बाहेर काढू नका.

माझा स्कोप गेल्या वर्षी पुण्याला भावाकडे ठेवून आलो. डिसेंबरात भिगवणला जाईन तेव्हा लागेल.