फोन कोंडायची पेटी: बरेच महिने वापरल्यानंतर (आणि पारदर्शक झाकणाबद्दल जरा जास्तच)

लेकीच्या परीक्षा तोंडावर आलेल्या आणि लावलेली वेळ संपेपर्यंत फोन आत कोंडून ठेवणारी आमची पेटी उघडेना. वेळ संपली, आकडा शून्यावर आला, मोटर घरघरली आणि कडी अर्ध्यावर अडकली. आत तिचा फोन आणि माझाही, कारण ‘आई, तुझाही ठेव, मगच मी ठेवेन’ ही तिची अट. लॅपटॉपवरून तक्रार नोंदवायला गेले तर नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला म्हणे. पेटीत टिंग वाजलं. झाकणातून स्क्रीन उजळलेली दिसली, संदेशाचे पहिले चार शब्दही दिसले. आकडे नेमके पुढच्या ओळीत!

सेल कमजोर झाले असतील, ते बदला, असं नंतर उत्तर आलं. सेल बसवायची जागा झाकणाच्या आतल्या बाजूला आहे. म्हणजे सेल बदलायला पेटी उघडायची आणि पेटी उघडायला सेल बदलायचे. शेवटी स्क्रूड्रायव्हर घातला, कडीचा एक दात तुटला, आणि ‘वापरकर्त्याने केलेली मोडतोड वॉरंटीत बसत नाही’ हे ऐकून घेतलं. फोटो, व्हिडिओ, ईमेलवर ईमेल. बरीच हुज्जत घातल्यावर नवीन झाकण फुकट आलं. तेही पारदर्शकच.

आता या झाकणाबद्दल. फोन नजरेआड करण्यासाठी विकली जाणारी वस्तू, आणि झाकण काचेसारखं! सुरुवातीला पेटी अभ्यासाच्या टेबलावरच असायची. मुलगी रसायनशास्त्राचं समीकरण संतुलित करत असताना शेजारी स्क्रीन लुकलुकायची, की हिची मान वळलीच. फोन हातात नाही, पण ‘कुणाचा असेल?’ हा प्रश्न डोक्यात शिरला की अणू मोजायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी वर खाकी कागद चिकटवला. मग कंपनीला तीनदा कळवलं की झाकण अपारदर्शक करा. उत्तर एकच: ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे.’

मत बदललं ते एका संशोधनाबद्दल वाचल्यावर. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींचे फोन टेबलावर, काहींचे खिशात किंवा बॅगेत, काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवून त्यांना बौद्धिक चाचण्या दिल्या. दुसऱ्या खोलीवाल्यांची कामगिरी टेबलवाल्यांपेक्षा सरस ठरली. फोन पालथा आहे की उताणा, चालू आहे की बंद, यानं फारसा फरक पडला नाही. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम तसाच दिसला नाही, त्यामुळे हे काही वेदवाक्य नव्हे. पण करून बघायला काय जातंय? पेटी उचलून स्वयंपाकघरात ठेवली. मान वळणं थांबलं, आणि कागदाची गरजही उरली नाही. झाकणावरचा माझा राग मात्र कायम आहे, तो तत्त्वाचा आहे.

मग नुसता फोनच दुसऱ्या खोलीत ठेवला तर? ठेवला होता. ‘पाणी पिऊन येते’ म्हणून गेलेली मुलगी वीस मिनिटांनी परत यायची. फोनमधल्या वेळमर्यादेचंही तेच. ज्यानं लावली तोच दोन टिचक्यांत काढतो. पेटीपुढे वाद चालत नाही, एवढ्याच गुणावर ती घरात टिकून आहे.

वेळ किती लावायची यावर आमचं बरंच घोडं अडलं. फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्यानं 1980 च्या दशकात काढलेली पोमोडोरो पद्धत म्हणजे 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी. पेटी त्याच हिशोबानं लावली तर दर सुट्टीत फोन हातात यायचा आणि पाचाची पंधरा व्हायची. आता पेटी दीड तास बंद. पंचवीस-पाच मोजायला साधं घड्याळ, आणि मधल्या सुट्टीत उठायचं, फिरायचं, खिडकीपाशी उभं राहायचं. ‘नोट्स फोनमध्ये आहेत’ ही सबब निघाली, तेव्हा त्यांच्या प्रिंट काढल्या.

सगळ्यात उपयोगी निघाली ती पेटीबरोबर न येणारी वस्तू: एक जुनी, अर्धी कोरी वही. अभ्यास करताना जे आठवेल ते तिच्यात टिपायचं आणि लगेच पुढच्या गणिताकडे वळायचं. लेकीचं एक पान माझ्यासमोर आहे: ‘सामना कोण जिंकलं? अर्जाची शेवटची तारीख. त्या गाण्यातला ढोल कुठला? केस कापायचे का?’ पेटी उघडल्यावर तिनं फक्त तारीख पाहिली, बाकीच्यांवर काट मारली. लिहून ठेवलं की डोक्यातली टोचणी कमी होते, असं ती म्हणते.

घ्यायची असेल तर दोन गोष्टी आधी पाहा. सेल बाहेरून बदलता येतात का, आणि आणीबाणीत उघडायची सोय आहे का. आमच्या पेटीत दोन्ही नाहीत, म्हणून घरातला एक फोन कायम बाहेर असतो आणि सेल संपायची वाट न बघता आधीच बदलते. परवा कंपनीचा ईमेल आला: अपारदर्शक झाकण आता उपलब्ध, किंमत वेगळी. मी घेणार नाही.