खाडीतल्या होडीला मशीन घेताय? 8 एचपी की 15

नवी मुंबईत वाशी, सारसोळे, दिवाळे इकडे 16-18 फुटी होडी चालवणाऱ्यांचं गाडं शेवटी ह्या दोन मशीनवरच (होडीच्या मागे क्लॅम्पने अडकवायचं पेट्रोलचं इंजिन) येऊन थांबतं, टू स्ट्रोक 8 एचपी की 15. काकांचं पंधराचं बरीच वर्षं चालवलंय आणि आता माझं स्वतःचं आठचं आहे, तेवढ्यावर बोलतोय, मीटर-बिटर लावून काही मोजलेलं नाही.

पंधरा लावलं की होडी दुप्पट पळेल असं वाटतं ना, जड लाकडी होडीत ते होत नाही. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीवर अडतो. पाण्यातली लांबी 16 फूट धरा, साडेपाच नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी दहा किलोमीटर, आणि तिथवर आठचं आरामात नेतं, पुढे कितीही पिळा, मागचं बूड खाली बसतं, नाळ, म्हणजे पुढचं टोक, आभाळाकडे आणि पेट्रोल धुरात. पूर्ण पिळून आठचं तासाला तीन-चार लिटर पितं, पंधराचं सहाच्या आसपास. हां, फायबरची हलकी होडी आणि तुम्ही एकटे, तर पंधरावर ती पाण्यावर उठते आणि मजा येते, नाही म्हणत नाही. पण दोन माणसं, ओली जाळी आणि बर्फाचा डबा टाकला की परत तेच.

उधाणाला मात्र पंधराचं नाव घ्यावंच लागतं. अमावस्या-पौर्णिमेला वाशी पुलाच्या खांबांमधून पाण्याची जी ओढ असते त्यात आठचं रडत रडत पुढे सरकतं, घाई असेल तर जीव वर येतो. मी सरळ भरतीची वेळ बघून निघतो. घारापुरीच्या पुढे मोकळ्या पाण्यात रोज जाणार असाल तर पंधराच घ्या, त्यात वाद नाही.

माझं गणित फिरलं ते चिखलावर. मशीन रात्री जेट्टीवर ठेवायची सोय नाही, सकाळी नुसता क्लॅम्पचा वण दिसेल, म्हणजे रोज उतरवून घरी न्यायचं. आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की होडी बांधापासून लांब चिखलात बसते. आठचं तीसेक किलोच्या आतलं, खांद्यावर टाकलं की एकटा निघतो, गिअरकेसमधलं (मशीनचा पाण्यात राहणारा खालचा भाग) उरलेलं पाणी पाठीवरून चड्डीत जातं, पाय गुडघ्याएवढा रुततो आणि ओढून काढताना चप्पल आतच राहते, पण पोचतो. पंधराचं चाळीसच्या जवळ. दहा किलोचाच फरक असं दुकानात वाटतं, चिखलात तो फरक म्हणजे दुसरा माणूस. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कधी दुपारी दोनला लागतो तर कधी पहाटे चारला, आणि पहाटे चारला फोन कोण उचलतंय! काका बांधाकडे बघत, विडी ओढत होडीतच बसून राहायचे. मला ते कुणाची तरी वाट बघणं नको होतं, बाकी कारणं नंतर सापडली म्हणा हवं तर.

मग मधलं 9.9 घेऊ का, हे बरेच जण विचारतात. बऱ्याच कंपन्यांचं 9.9 आणि 15 एकाच ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या एकाच धडावर, असतं, ताकद कमी ठेवलेली, वजन तेच. म्हणजे उचलायला पंधराच उचलताय.

जाळं टाकताना हळू चालवायचं असतं, तिथे पंधराचं अर्धं झोपेत चालतं आणि प्लग लवकर काळे पडतात असा माझा तरी अनुभव, तुमचा वेगळा असू शकेल. पिशव्या पंख्यात अडकणं आणि गाळाने इम्पेलर (मशीन गार ठेवायला पाणी ओढणारं रबरी चक्र) खाणं दोघांनाही सारखंच, मशीनमधून बाहेर पडणाऱ्या त्या पाण्याची पिचकारी बारीक झाली की मशीन बंद करून बघायचं.

आठचं घेतलंत तर कंपनीने दिलेल्या पंख्यावर राहू नका, भरलेल्या होडीला कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर ढकलणारा) पंखा लावून घ्या, आठ कमी पडतं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांची तक्रार तिथेच मिटेल असं मला वाटतं.