पुण्यात भाड्याचं घर शोधताय? माझे ६९,५०० रुपये असे गेले

नोकरीसाठी गाव सोडून पुण्यात येणाऱ्यांसाठी लिहितोय. लिहायची लाज वाटते. शिकलेला माणूस, रोज कॉम्प्युटरवर काम करणारा, आणि एका चावीवर विश्वास ठेवून बसलो. पण मी गप्प राहिलो तर तो माणूस तशीच चावी उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात ठेवेल.

आधी हिशेब. टोकन ५,०००. डिपॉझिटचे उरलेले ४५,०००. पहिल्या महिन्याचं भाडं १८,०००. अ‍ॅग्रीमेंटचा खर्च म्हणून १,५००. एकूण ६९,५००. यातले ४०,००० वडिलांनी सोयाबीन विकून दिले होते.

ऑनलाइन जाहिरात होती, 'थेट मालक, दलाली नाही'. वन बीएचके, चौथा मजला, हिंजवडीच्या कंपनी बसचा थांबा जवळ. माणूस स्वतः आला, कुलूप उघडलं, गिझर चालू करून दाखवला, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं. गेटवर वॉचमनने त्याला नमस्कार केला. वॉचमन ओळखतो म्हणजे मालकच असणार, असं मी धरून चाललो. जॉइनिंगला चार दिवस उरले होते, लॉजचे रोजचे १,२०० जात होते, बायको दोन वर्षांच्या मुलीला घेऊन निघायच्या तयारीत होती. माझ्या जागी असता तर तुम्हीही घाई केली असती.

आता ती वेळ सांगतो, जी आठवली की अजून झोप उडते. यूपीआयने पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेतलं नाव पडद्यावर येतं. त्याने मला सांगितलेलं आडनाव एक, पडद्यावर दुसरं, आणि त्याने दाखवलेल्या लाइट बिलावर तिसरंच. तिन्ही नावं मी वाचली. अंगठा थांबला. विचारलंसुद्धा. तो शांतपणे म्हणाला, "मेव्हण्याचं खातं आहे, माझी आजची लिमिट संपली. आणि बिल आधीच्या मालकाच्या नावावर येतं, बदलायचं राहून गेलंय." आमच्या गावच्या घराचं बिल आजही आजोबांच्या नावाने येतं, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मग मला ते खोटं का वाटावं? मी पिन टाकला. त्या एका मिनिटात "ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याच खात्यात टाकतो" एवढं म्हणालो असतो तर सगळं वाचलं असतं.

अ‍ॅग्रीमेंट म्हणून नोटरीचा शिक्का मारलेला कागद दिला. "रजिस्टर नंतर करू, नोंदणीवाल्या एजंटला वेळ नाही." इथेही मी मान डोलावली. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर भाड्याने देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीच्या वेळी मालकाचा फोटो आणि अंगठा घेतात, आधारशी पडताळतात. खोटा मालक तिथे अंगठा देणारच नाही. म्हणून मालकाचा अंगठा लागेपर्यंत डिपॉझिटचा एक रुपयाही सोडू नका.

शनिवारी टेम्पोत सामान भरून पोचलो. चावी कुलपात शिरेना, कुलूपच बदललेलं. जिन्यात आणखी एक कुटुंब गादीच्या वळकटीवर बसलेलं. त्यांच्याकडेही चावी, तशीच, लाल दोरा बांधलेली. त्यांचे ५८,००० गेले होते. संध्याकाळपर्यंत असाच फसलेला आणखी एक मुलगा आला. मग वॉचमनने सांगितलं की त्या साहेबांनी फ्लॅट आठ दिवसांसाठीच घेतला होता, खरे मालक परगावी असतात. हे त्याला आधी विचारायला हवं होतं. तुम्ही वॉचमनवरही थांबू नका, सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठा. फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा मालकाचं नाव असलेला उतारा मागा. खरा मालक रागावत नाही.

आणि पोलीस! पहिल्या चौकीत दीड तास बाकावर बसवलं आणि "हा भाड्याचा वाद आहे, कोर्टात जा" म्हणाले. अहो, वाद व्हायला समोर घरमालक तरी पाहिजे ना! दुसरीकडे म्हणाले, हद्द आमची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण खुर्चीत बसलेल्याला तरी माहीत असायला हवं होतं. "एवढे शिकलेले, तरी कसे फसता?" हे मात्र तिघा पोलिसांनी वेगवेगळं ऐकवलं. मुलगी कडेवर रडत होती, बायको बाहेर उन्हात उभी, आणि मला उत्तर सुचेना. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं, हे एकानेही सांगितलं नाही. मला ते तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून कळलं. तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. बँकेत गेलो तर उत्तर मिळालं, पैसे तुम्हीच पाठवलेत, पिन तुम्हीच टाकलाय.

नवीन शहरात पहिल्या आठवड्यात घर मिळालंच पाहिजे असं काही नसतं. लॉजवर आणखी दहा दिवस राहिलो असतो तर १२,००० गेले असते, टोचले असते, पण हिशेबात बसले असते. आणि घर दाखवणारा "आणखी दोन पार्ट्या येतायत, आजच ठरवा" म्हणाला की तिथून निघा.

आम्ही फसलेल्या तिघांनी आता एकत्र अर्ज लिहिलाय, तिघांच्या व्यवहारांचे नंबर आणि स्क्रीनशॉट जोडलेत. मंगळवारी पुन्हा जातोय. शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत तिघांपैकी कुणीही बाकावरून उठणार नाही.