कासच्या याचिकेत पुढं काय ठेवायचं, युनेस्को की राज्यघटना?

साताऱ्यातला एक ज्युनियर पोरगा आहे, वकिली सुरू करून तीनेक वर्षं झाली असतील, त्याने कास पठाराजवळच्या बांधकामांवर जनहित याचिकेचा ड्राफ्ट पाठवला. पहिली नऊ पानं नुसती युनेस्को. २०१२ ला पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत आला, त्यात कास आहे, त्यामागचा जागतिक वारसा करार भारताने १९७७ ला स्वीकारलाय वगैरे वगैरे. आणि घटनेचं २१ कलम, म्हणजे जगण्याचा हक्क, कुठं, तर दहाव्या पानावर तीन ओळीत. वर विचारतोय, दादा भर कशावर देऊ?

घटनेवर. पण करार फेकून द्यायचा नाही, का ते सांगतो.

करार हा सरकारांनी एकमेकांना दिलेला शब्द असतो. आपल्याकडं तो केंद्र सरकार करतं, संसदेची मंजुरी आधी लागतेच असं नाही, मग तोच थेट कायदा झाला तर संसदेला विचारतंय कोण? म्हणून २५३ कलम आहे, करार अंमलात आणायला संसद कायदा करू शकते, विषय राज्याच्या यादीतला असला तरी. सांगलीच्या हळदीचंच घ्या की. २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्यामागं जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेवरचा ट्रिप्स करार आहेच, पण कुणी सांगलीच्या नावाने भलतीच हळद विकली तर कोर्टात ट्रिप्स दाखवून भागत नाही, १९९९ चा जीआय कायदा दाखवावा लागतो. वारसा कराराचं दुखणं हेच आहे, त्यासाठी असा वेगळा कायदा आपल्याकडं झालेलाच नाही.

त्याने काय फरक पडतो ते बघा. ऑस्ट्रेलियात तास्मानिया राज्याला गॉर्डन नदीवर धरण बांधायचं होतं. केंद्राने १९८३ ला वारसा स्थळांसाठी कायदा केला, प्रकरण कोर्टात गेलं, चार विरुद्ध तीन मतांनी केंद्र जिंकलं आणि धरण थांबलं. उलट जर्मनीतलं ड्रेस्डेन. २००५ ला लोकांनी मतदान करून एल्ब नदीवर पूल मागितला, २००७ ला तिथल्या घटना न्यायालयानेही तो अडवला नाही, आणि पुलाचं काम चालू असतानाच २००९ ला युनेस्कोने तिथल्या एल्ब खोऱ्याचं नाव वारसा यादीतून काढून टाकलं. करार दोन्हीकडं तोच! युनेस्कोच्या हातात शेवटी नाव काढणं एवढंच, बांधकाम पाडायला जेसीबी काय तिथून येत नाही.

(नेदरलँड्समध्ये असतास तर करारावर केस उभी करायचा विचार तरी करता आला असता, तिथं काही करार घटनेच्याही वर बसतात. पण आपल्याला कोल्हापूर सर्किट बेंचला जायचंय, हेगला नाही.)

मग करार ठेवायचा कशाला? कारण घटनेचा अर्थ लावताना तो कामाला येतो. १९८० ची जॉली जॉर्ज वर्गीस केस वाच, कर्ज फिटत नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकायचं का हा प्रश्न होता, आणि आंतरराष्ट्रीय करार तर त्याला मनाई करत होता. न्या. कृष्णा अय्यर म्हणाले की नुसता करार नागरिकाला हक्क देत नाही, पण दिवाणी प्रक्रिया संहितेचं ५१ कलम त्यांनी २१ कलमाच्या उजेडात वाचलं आणि पैसेच नसलेल्या गरिबाला वाचवलं. विशाखा, १९९७, कामाच्या जागी महिलांच्या लैंगिक छळाची केस, तिथं तर कायदाच नव्हता, मग महिलांविषयीच्या कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं दिली, पण ती टांगली कशाला? घटनेतल्या १४, १५, १९ आणि २१ कलमांच्या खुंटीला.

तुझ्या कामाची खरी केस वेल्लोरची आहे, १९९६ ची, चामड्याच्या कारखान्यांची, आणि तीच तू घातली नाहीस. आधीच खबरदारी घ्या आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, ही तत्त्वं आंतरराष्ट्रीय रूढीतनं, म्हणजे देशादेशांत पाळल्या जाणाऱ्या प्रथेतनं आलेली, पण आपल्या कायद्याच्या विरुद्ध नाहीत म्हणून कोर्टाने ती इथलीच मानली. म्हणजे करार दारात थांबतो आणि रूढी माजघरापर्यंत येते, असं धरून चाल.

तेव्हा सुरुवात २१ आणि ४८-अ (पर्यावरण जपायचं राज्याचं कर्तव्य) या कलमांनी कर, मग वेल्लोर, आणि युनेस्कोच्या नऊ पानांची दोन कर. त्यातही युनेस्कोला पाठवलेल्या प्रस्तावात सरकारनेच कासबद्दल काय लिहून दिलंय तेवढंच ठेव, स्वतःचं लिहिलेलं सरकारला सहज नाकारता येत नाही. उरलेल्या जागेत सातबारा आणि एनएची (जमीन बिगरशेती केल्याची) कागदपत्रं जोड, ती तर ड्राफ्टमध्ये कुठंच दिसली नाहीत मला.