त्वचेखालच्या गाठीची सुईने तपासणी : पुण्यातील एका पॅथॉलॉजी केंद्राचा अनुभव

माझ्या भाचीच्या दंडावर त्वचेखाली खड्यासारखी टणक गाठ आली होती. त्वचारोगतज्ज्ञांनी सुचवलेली एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून करायची तपासणी, आम्ही पुण्यातील एका खासगी केंद्रात करून घेतली. या केंद्राची मोठी जमेची बाजू ही, की हे काम तंत्रज्ञावर सोपवले जात नाही. अहवालावर सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट बाई स्वतः गाठ चाचपतात, ती कधीपासून आहे, वाढते का, दुखते का, हे विचारतात आणि मगच सुई हातात घेतात. सुई लावली की गाठ पसरते, ही माझ्या बहिणीची धास्तीही त्यांनी घाई न करता दूर केली.

भूल किंवा टाके लागले नाहीत. काही काचपट्ट्या हवेत सुकवल्या, काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडवल्या आणि एक तिथेच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तीत गडद केंद्रकाच्या लहान पेशीच तेवढ्या दिसल्याने बाईंनी दुसऱ्या बाजूने पुन्हा सुई घातली. मुलगी रडली, पण त्या दुसऱ्या टोचण्यातच केंद्रक नाहीसे झालेल्या फिकट ‘घोस्ट सेल्स’ आणि बहुकेंद्रकी महापेशी मिळाल्या, आणि निदान पायलोमॅट्रिकोमा, म्हणजे केसाच्या मुळापासून उद्भवणारी साधी गाठ, असे झाले. नुसत्या गडद पेशींवर विसंबले असते तर कर्करोगाचा संशय येऊ शकला असता, हे त्यांनी नंतर समजावून सांगितले.

सुईतून सुट्या पेशी येतात, ऊतीची रचना कळत नाही. म्हणूनच मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग त्वचेत किती खोल गेला आहे हे मोजायला बायॉप्सीच, म्हणजे ऊतीचा तुकडा काढून केलेली तपासणीच, लागते. आमच्या अहवालातही ‘गाठ काढल्यावर ऊतितपासणी करावी’ असे स्पष्ट लिहिले होते, आणि त्या तपासणीत हेच निदान कायम झाले.

संमतिपत्र मात्र फक्त इंग्रजीत होते आणि काउंटरवर ते समजावून न देता सही मागितली गेली. लहान मुलाच्या आईवडिलांसाठी ते मराठीत असायलाच हवे. तरीही त्वचेखालच्या गाठीसाठी मी हे केंद्र निःसंकोच सुचवेन. फक्त बाई ठरावीक वेळीच असतात, तेव्हा आधी फोन करून जावे.