ट्रॅक्टरची घरगुती केबिन: वारा अडला, पण दिसायचं कसं?

पुढच्या पडद्याचं पारदर्शक प्लास्टिक परवा आडवं तडकलं, म्हणून हे लिहायला मुहूर्त लागला. फांदी लागली नाही, दगड उडाला नाही. कडाक्याच्या थंडीत सकाळी पडदा गुंडाळून वर बांधायला घेतला आणि घडीवर टचकन आवाज झाला. सांगाडा शाबूत, ताडपत्री शाबूत, आणि ज्यातून बघायचं तेवढंच गेलं. या केबिनबद्दल हिवाळ्याच्या सुरुवातीला कोणी विचारलं असतं तर मी तोंडभरून कौतुक केलं असतं. त्यातलं निम्मं आता मागे घेतोय.

ट्रॅक्टरची ओळख करून देत बसत नाही. छोटा, पुढे लोडर, मागे घडीचा रोलबार, डोक्यावर आकाश. कंपनीची केबिन मिळते, तिच्यात काच, वायपर, हीटर सगळं येतं. पण किंमत ऐकली की थंडी आपोआप सोसवायला लागते. वर्षातले थोडेच दिवस लागणाऱ्या गोष्टीसाठी ट्रॅक्टरच्या किमतीचा एवढा मोठा लचका तोडून देणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय तयार केबिन उन्हाळ्यात काढून ठेवायला चार माणसं लागतात. माझी मी एकटा काढतो, आणि ती शेडच्या भिंतीला टेकून उभी राहते.

सांगाडा चौकोनी लोखंडी पाईपचा केला. प्लंबिंगचे पांढरे पाईप हलके आणि स्वस्त, पण थंडीत ठिसूळ होतात. खडबडीत जमिनीवर ट्रॅक्टर हादरला की आधी त्यांचे सांधे सुटतात. मागचा आधार रोलबारचा, पुढचा बॉनेटच्या मागे असलेल्या बोल्टांचा. रोलबारला एकही भोक पाडलेलं नाही आणि वेल्डिंगचा एक ठिपकाही टाकलेला नाही, सगळं यू-क्लॅम्पवर. कारण रोलबार हा ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवणारा भाग आहे. त्याला भोक पाडलं किंवा तापवलं की ज्या ताकदीसाठी त्याची चाचणी झालेली असते ती ताकद राहील याची खात्री उरत नाही. हे इतकं लांबवून सांगण्याचं कारण असं की सर्व्हिसला आलेल्या माणसाने नुसते क्लॅम्प बघून ‘वॉरंटी गेली’ असं जाहीर केलं. रंगावर ओरखडासुद्धा नाही हे क्लॅम्प सोडवून दाखवलं तेव्हा तो गप्प झाला. बिलात मात्र ‘तपासणी’ नावाची ओळ चढवली ती चढवलीच.

आता थंडीचं. माझी समजूत होती की मुख्य प्रश्न उबेचा आहे. मग हिशोब मांडला. हवा ० अंश आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ती उणे ५ सारखी लागते. वर लहान ट्रॅक्टरवर माणूस उघड्यावर उंच बसलेला, हात स्टीअरिंगवर न हलता. म्हणजे नुसता वारा अडवला तरी पाच अंश हातात आले, तेही एक थेंब डिझेल न जाळता. पहिल्या दिवशी ताडपत्रीच्या आत बसलो तेव्हा हेच जाणवलं. आत ऊब अशी नव्हती, पण डोळ्यांतून पाणी यायचं थांबलं.

ऊब नंतर आली, आणि तीही फुकट. बहुतेक ट्रॅक्टरांचा पंखा रेडिएटरमधून हवा ओढून इंजिनावरून मागे, म्हणजे चालकाकडे फेकतो. उन्हाळ्यात आपण याच झळांना शिव्या घालतो. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या झुली लावल्या की ती हवा बाजूला न पसरता सरळ पायांपाशी येते. कल्पना माझी नाही. केबिन ही चैन होती त्या काळात हीट हाउसर नावाचे कॅनव्हासचे झगे ट्रॅक्टरांवर याचसाठी चढवत. फक्त सायलेन्सरपासून कापड चांगलं दूर ठेवा. तो हात लावता येणार नाही इतका तापतो आणि ताडपत्री मेणासारखी वितळते. आणि इंजिन गरम होईपर्यंत काहीच मिळत नाही. नुसतं आयडलवर ठेवलं तर फारच उशिरा मिळतं. कामाला लागलात तरच पाय शेकतात.

बॅटरीवर चालणारे छोटे हीटर मिळतात, १५० वॉटचे वगैरे. त्यांच्या नादी लागू नका. एकेरी प्लास्टिकमधून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या दर अंशाच्या फरकामागे साधारण ५-६ वॉट उष्णता निघून जाते. ६ चौरस मीटर पडदे आणि २० अंशांचा फरक धरला तर ६००-७०० वॉट नुसते बाहेर ओतायचे झाले, तेही फटी नाहीत असं समजून. आपल्या केबिनला फटीच फटी आहेत. त्या १५० वॉटसाठी १२-१३ अँपिअर मोजायचे आणि लहान ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरच्या जिवावर उठायचं, हा व्यवहार मला पटत नाही.

इथवर मी खूश होतो.

मग दिसेनासं झालं. या केबिनची खरी परीक्षा थंडीत नाही, दिसण्यात आहे. आणि हे कोणी सांगत नाही, कारण जो तो ‘आत किती उबदार वाटलं’ यावरच थांबतो. बसलेला माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण ४०-५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. त्यात बुटांना चिकटून आलेला बर्फ वितळतो, ओलं जाकीट सुकतं. ही सगळी वाफ समोरच्या थंड प्लास्टिकवर जाऊन बसते. म्हणजे केबिन जितकी घट्ट बांधाल तितकं कमी दिसेल. मी फटी बुजवत गेलो आणि समोरचं प्लास्टिक दुधी होत गेलं. लोडरचं बकेट कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते हे कळेना, तेव्हा पडदा वर बांधून पुन्हा वाऱ्यात बसलो. एवढा खटाटोप करून हेच करायचं तर केबिन कशाला?

हातमोज्याने पुसणं हा पहिला मोह. पुसू नका. मऊ प्लास्टिकवर धुळीचा एक कण घासला की ओरखडा उमटतो आणि तो कायमचा. सकाळी ऊन समोरून तिरकं आलं की असे शेकडो ओरखडे एकदम पेटतात, मग धुकं परवडलं असं वाटतं. भांड्यांच्या साबणाचा अगदी पातळ हात फिरवून मऊ फडक्याने कोरडं केलं तर थेंब न होता पाण्याचा सपाट थर बसतो आणि बरंच नीट दिसतं. पण तो दोन-चार दिवसांत उतरतो.

टिकाऊ उपाय दोन निघाले. पहिला, हवेला वाट ठेवा: खाली पायांपाशी यायला, वर छताखाली मागच्या बाजूने जायला. ऊब थोडी कमी होते, दिसतं मात्र. दुसरा उपाय मला मनापासून आवडला. समोर डोळ्यांच्या पातळीवर प्लास्टिकचा दुसरा थर लावला. मध्ये फोमची पट्टी, त्यामुळे साधारण बोटभर हवा अडकून राहते. आतला थर बाहेरच्याइतका गार पडत नाही, म्हणून त्यावर वाफ धरत नाही. तेवढीच खिडकी स्वच्छ राहते, बाकी पडदा धुकटला तरी चालतो. खर्च जवळजवळ शून्य. या एका पट्टीवर मी केबिनला पाचपैकी चार तारे देणार होतो.

आणि मग परवाचा तडा. मऊ पारदर्शक प्लास्टिक म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसीच. त्यात मऊपणासाठी तेलकट रसायन घातलेलं असतं. थंडीत ते ताठरतं, आणि ताठरलेलं असताना घडी घातली की तुटतं. विकताना हे सांगत नाहीत, सांगतात ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’. वॉटरप्रूफ आहेच, तडकेपर्यंत. घ्यायचंच असेल तर किती अंशांपर्यंत वाकतं हे विचारून घ्या. ते लिहिलेलं नसेल तर तो ताडपत्रीच्या दुकानातला उन्हाळी माल समजा. आणि इंजिनाच्या उबेने नरम झाल्याशिवाय गुंडाळू नका. बाजूचे पडदे मी आता गुंडाळत नाहीच, दाराच्या कडेला सरकवून ठेवतो.

बाकीच्या गोष्टी चटकन. दाराला वेल्क्रो लावलं होतं. त्यात बर्फाचा भुगा शिरला की त्याची पकड संपते. चेन (झिप) लावली तर ती गोठते. आता रबर चढवलेले चुंबक लावलेत, लोखंडी पाईपला टपटप चिकटतात आणि मोजे न काढता उघडतात. दार बाहेर उघडणारं आणि नुसत्या धक्क्याने सुटणारं हवं, दोन्ही बाजूंना. ट्रॅक्टर एका कुशीवर पडला तर दुसऱ्या बाजूने निघता आलं पाहिजे. रोलबार उभा आणि पट्टा बांधलेला हे तर आलंच. केबल टाय काळेच घ्या, पांढरे उन्हाने आणि थंडीने पटापट तुटतात.

मागचा पडदा पीटीओपर्यंत, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्यापर्यंत, लोंबू देऊ नका. मिनिटाला ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. कापडाचं टोक गुंतलं तर हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. मी तो सीटच्या पाठीपाशीच संपवला आणि खाली वजनासाठी लोखंडी पट्टी शिवून घेतली. अवजार उचलणारे हिचचे हात वर आले की पडद्याला लागतात का, हेही एकदा अवजार लावून बघून घ्या. मागचे दिवे आणि संथ वाहनाचा त्रिकोण झाकला जाणार नाही अशी उंची ठेवा.

इंजिनाच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी सोडतं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि आपण मुद्दाम इंजिनावरची हवा आत घेतोय. झुली चढवण्याआधी एक्झॉस्टचे सांधे आणि गॅस्केट बघून घेतलं, बॅटरीवरचा छोटा अलार्म खांद्याजवळ टांगला. संपूर्ण केबिनमध्ये मी कुरकुर न करता विकत घेतलेली ही एकच वस्तू. शेडमध्ये पडदे लावून इंजिन चालू ठेवत नाही.

आवाज वाढतो, हे मान्य करावं लागेल. छताला मी पातळ पत्रा टाकला होता, तो ठराविक आरपीएमला असा घुमायचा की दात शिवशिवायचे. आतून जुनी रबरी चटई चिकटवली, बरंच शांत झालं. तरीही कानाला संरक्षण घालूनच बसतो. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरली तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९१ ला दोनच तास.

वाऱ्याचा जोरही कमी लेखू नका. ताशी ५४ किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे १४ किलोचा दाब देतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट. म्हणून वादळाची चिन्हं दिसली की बाजूचे पडदे काढतो, छत राहू देतो.

आता पुढची काच. पॉलिकार्बोनेट, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकची शीट आणतोय, ४ मिलिमीटर जाडीची. ॲक्रिलिक जास्त चकचकीत दिसतं, पण फांदी लागली तर तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट वाकतं, फुटत नाही. मात्र ओरखडे त्यालाही लवकर पडतात, म्हणून वायपर लावणार नाही, आणि अमोनिया किंवा ॲसिटोन असलेलं काहीही त्याला लावायचं नाही. ज्या बाजूला उन्हापासून संरक्षणाचा थर आहे ती बाहेर. तापमान ४० अंशांनी बदललं की मीटरभर शीट अडीच मिलिमीटरहून थोडी जास्त लांबते-आखडते आणि लोखंड अर्धाच मिलिमीटर. म्हणून बोल्टची भोकं सैल ठेवायची, खाली रबरी वॉशर, आणि नट करकचून आवळायचे नाहीत. दुहेरी थराची खिडकी तिथेच पुन्हा बसवणार.

चार तारे मात्र आता नाहीत. ताडपत्री आणि सांगाड्याला साडेचार, झुलींना पाच, मऊ प्लास्टिकला एक, आणि तोही बाजूचे पडदे अजून टिकलेत म्हणून. पॉलिकार्बोनेटवर पुढचा हिवाळा गेला की इथेच खाली भर घालतो.